मरुत्सखा, एचटी-२ आणि किरण : विमानविद्येतील आपला वाटा

विमानाचा शोध प्रथम कोणी लावला, हा प्रश्न मराठी मंडळींच्या बैठकीत निघाला की उत्तर ठरलेले असते. राईट बंधूंच्या आधी आठ वर्षे, म्हणजे १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे या मुंबईकर गृहस्थांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडविले. ते १५०० फूट उंच गेले आणि खाली आले. न्यायमूर्ती रानडे व श्रीमंत सयाजीराव गायकवाड तेथे जातीने हजर होते. पुढे इंग्रजांनी सारे दडपून टाकले. ही हकिगत व्याख्यानांतून ऐकू येते, दिवाळी अंकांतून वाचावयास मिळते, आणि २०१५ साली तर तीवर ‘हवाईजादा’ नावाचा हिंदी चित्रपटही निघाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२ व्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला व त्यावरून देशभर वादंग माजले, हेही वाचकांस स्मरत असेल.

आम्हां हैदराबादकर मराठी मंडळींत ही कथा अंमळ अधिकच रुजली, असे आमचे निरीक्षण आहे, आणि त्याला कारणही आहे. सुलतान बाजारातील आर्य समाज १८९२ सालचा. केशवराव कोरटकरांसारखे आपल्या समाजाचे धुरीण त्याच्याशी जोडलेले होते. पुढे वेदाभ्यासक म्हणून कीर्ती पावलेले पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे चित्रकार म्हणून याच शहरात राहिले. स्वामी दयानंदांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिके’त नौका व विमाने यांच्या विद्येवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तळपदे हेही आर्यसमाजी होते आणि त्यांना प्रेरणा मिळाली ती याच ग्रंथावरून, असे सांगतात. वेदांत विमानविद्येचे बीज आहे, ही समजूत त्यामुळे आपल्या वाडवडिलांना परकी वाटली नाही. प्रश्न समजुतीचा नसून पुराव्याचा आहे.

तळपदे यांच्याविषयी प्रथम दोन शब्द आदराने लिहिले पाहिजेत. जन्म १८६४ चा, पाठारे प्रभू ज्ञातीतील, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. संस्कृतचा व्यासंग आणि हाताला यंत्राची खोड, असे हे दुर्मीळ मिश्रण होते. त्या काळी मुंबईत बसून आकाशात उडण्याचा विचार करणारा माणूस सामान्य नव्हे. त्यांनी काही प्रयोग केले असणे, एखादी प्रतिकृती बांधली असणे सर्वथा शक्य आहे. १९१६ च्या सुमारास ते निवर्तले. त्यांच्या नावावर पुढे जे रचले गेले त्याचा भार मात्र त्यांच्या खांद्यावर टाकू नये.

आमचे उभे आयुष्य सरकारी दफ्तरात गेले. कागद हाती आला की जावक क्रमांक कोणता, तारीख कोणती आणि सही कोणाची, हे आधी पाहण्याची सवय अंगी मुरली आहे. त्या सवयीने पाहू जाता चौपाटीच्या प्रकरणाची फाईल फारच पातळ निघते. १८९५ च्या ‘केसरी’चा हवाला सर्रास दिला जातो, पण अंक अमुक तारखेचा, पान अमुक, अशा पडताळून पाहता येईल अशा रीतीने तो कोणी पुढे ठेवलेला नाही. रानडे १८९३ पासून मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. ते चौपाटीवर येणे अशक्य नव्हते. पण १५०० फूट म्हणजे आठ-नऊ चारमिनार एकावर एक रचले तर होईल इतकी उंची. एवढ्या उंचीवर यंत्र गेले असते तर निम्म्या गिरगावाने ते गच्चीवरून पाहिले असते. मुंबईत तेव्हा ‘टाइम्स ऑफ इंडिया’ होता, ‘बाँबे गॅझेट’ होते, ‘इंदुप्रकाश’ होता. दोन वृत्तपत्रांचे एका गोष्टीवर एकमत होणे जसे कठीण, तसे सर्वांनी मिळून एका गोष्टीवर गप्प बसणेही कठीणच. इंग्रजांनी दडपले म्हणावे, तर लोकमान्यांचे तोंड दाबणे त्यांना कधी जमले होते?

आता याच्या शेजारी दुसरी फाईल ठेवून पाहावी. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किटी हॉक येथे राईट बंधूंनी चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे व १२० फुटांचे. सुलतान बाजारातील आठ-दहा दुकानांपुढून जावे एवढेच. चौथे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. पाहणारे अवघे पाच जण, पण पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र आहे, रोजनिशीतील नोंद आहे, त्या दिवशी वडिलांना केलेली तार आहे. दावा लहान आणि पुरावा मोठा. आपल्याकडे नेमके उलटे झाले.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मरुत्सखामध्ये माणूस बसला नव्हता, असेच या कथेत सांगितले जाते. तसे असेल तर ते राईट बंधूंच्या पंक्तीत बसतच नाही. माणसावाचून उडणारी यंत्रे त्यापूर्वीही झाली होती. फ्रान्समध्ये पेनो याने १८७१ साली रबराच्या पिळावर चालणारे लहानसे विमान उडविले होते. अमेरिकेत लँग्ली याचे वाफेच्या इंजिनाचे निर्मनुष्य यंत्र १८९६ च्या मे महिन्यात सुमारे एक किलोमीटर उडाले, आणि त्याचे छायाचित्र टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने घेतले. तरी लँग्लीला कोणी विमानाचा जनक म्हणत नाही. कारण वर जाणे हा विमानविद्येचा सोपा भाग आहे. वर गेल्यावर वाऱ्याच्या झोतात तोल सावरणे, हवे तिकडे वळणे आणि जिवंत खाली येणे हा कठीण भाग. जर्मनीचा लिलिएन्थाल त्या कठीण भागाशी झुंजत १८९६ च्या ऑगस्टात पडून मेला. राईट बंधूंचे खरे कर्तृत्व इंजिनात नसून पंखांची टोके पिरगाळून आणि सुकाणू हलवून तिन्ही दिशांनी विमान ताब्यात ठेवण्यात होते. त्यासाठी त्यांनी १९०१ साली लाकडी पेटीचा वारा-बोगदा बनवून सुमारे दोनशे प्रकारचे लहान पंख त्यात तपासले होते.

मरुत्सखा पाऱ्यावर चालत असे, असेही सांगतात. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आणि त्याची वाफ विषारी. हे तर आयन-इंजिनच होते, असे अलीकडे ठासून सांगितले जाते. अमेरिकेने १९६४ साली अंतराळात पाऱ्याचे आयन-इंजिन खरोखर चालवून पाहिले, हे खरे. परंतु अशा इंजिनाचा रेटा कागदाच्या कपट्यांच्या वजनाशी तोलण्याइतका असतो आणि ते निर्वातातच चालते. चौपाटीवरून ते आपले स्वतःचे वजनही उचलणार नाही.

या साऱ्या कथेचा मूलाधार मानला जातो तो ‘वैमानिक शास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ. तो महर्षी भारद्वाजांचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात बंगळूरजवळील आनेकलचे पं. सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तो तोंडी सांगितला व दुसऱ्याने उतरून घेतला. आकृत्या १९२३ साली बंगळूरच्या एका आरेखकाने काढल्या. याच शास्त्रीबुवांशी तळपदे यांचा संबंध आला होता, असे सांगतात. ग्रंथाची हिंदी आवृत्ती १९५९ साली व इंग्रजी १९७३ साली निघाली. लगोलग १९७४ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी ग्रंथाची भाषा आणि त्यातील विमाने दोन्ही बारकाईने तपासली. भाषा अर्वाचीन, ग्रंथ १९०४ च्या आधीचा नव्हे, आणि शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या चार विमानांपैकी एकातही उडण्याची क्षमता नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. अवहेलनेच्या हेतूने हे केले नव्हते. ग्रंथात काही हाती लागले असते तर त्यांना ते हवेच होते.

अशी विमाने का उडणार नाहीत, हे कळायचे तर जे उडते ते का उडते हे आधी पाहावे लागते. शाळेत सांगतात की पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने वरच्या हवेला अधिक वाट चालावी लागते, खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला पोचण्यासाठी ती धावते, आणि म्हणून वरचा दाब घटतो. यातील दाब घटतो एवढे खरे, बाकी भ्रम. दुभंगलेल्या हवेने पुन्हा एकत्र भेटलेच पाहिजे असा कोणताही नियम नाही. वरची हवा खालचीच्या पुष्कळ आधी पोचते. मोटारीच्या खिडकीबाहेर तळहात किंचित तिरपा धरला की तो वर उचलला जातो, हा अनुभव सर्वांना आहे. पंख हवेला खाली वळवितो आणि हवा पंखाला वर रेटते. म्हणूनच विमान उलटे होऊनही उडू शकते.

पण हात फार तिरपा केला तर उचल नाहीशी होते आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचेही तेच. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. हवा पंखाच्या पाठीला चिकटून का वाहते आणि कुठल्या क्षणी सुटते, याची उकल १९०४ साली जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्राण्टल यांनी केली. पृष्ठभागाला खेटून हवेचा एक अतिशय पातळ थर असतो. घर्षणाचा सारा खेळ त्या थरात चालतो. तो थर उखडला की उचल गेली. पंखाखालची दाबलेली हवा टोकाशी वळसा घालून वर निसटते आणि मागे दोन भोवरे सोडीत जाते, याचेही गणित प्राण्टल यांनीच मांडले. हल्लीच्या प्रवासी विमानांच्या पंखांची टोके वर वळविलेली का असतात, असे नातवंडे विचारतात, त्याचे उत्तर हेच. त्या भोवऱ्यांत फुकट जाणारी शक्ती थोडी वाचते.

या प्राण्टल यांच्या हाताखाली गटिंगेन येथे १९३६ साली पीएच.डी. झालेला एक विद्यार्थी कोल्हापूरकडील हसूर गावचा होता. त्यांचे नाव विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८. आमच्या ओळखीच्या दहा सुशिक्षित मराठी माणसांना तळपदे यांचे नाव विचारले तर आठ जण सांगतात. घाटगे यांचे नाव एखाद्यालाच ठाऊक असते, आणि तोही बहुधा बंगळूरला नोकरी केलेला निघतो. याचे आम्हांस वाईट वाटते.

१९४० च्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला, तेथे डॉ. घाटगे दाखल झाले. युद्धकाळात परदेशी विमानांची दुरुस्ती हेच मुख्य काम. तरी तशातही १९४१ साली त्यांच्या आराखड्यावरून दहा जणांचे एक ग्लायडर तेथे तयार झाले. १९४२ च्या अखेरीस इंडियन इन्स्टिट्यूटमध्ये विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याची घडी बसविणाऱ्यांत आणि तेथे आरंभी शिकविणाऱ्यांतही डॉ. घाटगे होते. वैमानिक शास्त्राची परीक्षा पुढे घेतली गेली ती याच संस्थेत.

डॉ. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे दोन आसनी शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टात प्रथम आकाशात गेले. इंजिन विलायती होते. पण आराखड्यापासून बांधणीपर्यंत बाकी सारे आपले, असे हे स्वतंत्र भारतातील पहिले शक्तिचालित विमान. उड्डाण करणारे वैमानिक जमशेद मुन्शी. शिकाऊ विमान म्हणजे किरकोळ काम, असे कोणास वाटेल. आमच्या मते हे सर्वांत जोखमीचे. निष्णात वैमानिक वाईट विमानही सांभाळून नेतो. नवशिक्याच्या चुका विमानालाच सांभाळाव्या लागतात. ते स्टॉल होण्यापूर्वी त्याने थरथरून इशारा द्यावा लागतो. गिरक्या खात खाली जाऊ लागले तर सुकाणू नीट धरताच त्याने सावरावे लागते. मात्र ते इतकेही सालस असून चालत नाही की शिकणाऱ्याला गिरकी म्हणजे काय हे कधी कळूच नये.

हा सारा तोलाचा प्रश्न असतो. बाणाचे टोक जड आणि मागे पिसे, म्हणून बाण सरळ जातो. टोक हलके केले तर तो हवेत कोलांट्या खाईल. विमानाचे गुरुत्वमध्यही उचलीच्या केंद्राशी विवक्षित नाते राखून पुढे ठेवावे लागते, आणि शेपटीचा छोटा पंख बाणाच्या पिसांचे काम करतो. गुरुत्वमध्य फार पुढे गेले तर विमान नाक वर करीत नाही, मागे गेले तर ताब्यात राहात नाही. इंजिन किती पुढे, इंधनाची टाकी कोठे, दुसरे आसन रिकामे असता काय होईल, टाकी अर्धी झाल्यावर काय होईल, या प्रत्येकाचा हिशेब कागदावर मांडावा लागतो. पंख मोठा केला की विमान हळू उतरते, पण वजन वाढते. वजन वाढले की मोठे इंजिन हवे, आणि मोठे इंजिन आले की पुन्हा गुरुत्वमध्य सरकले. अंदाजपत्रक तयार करताना एका शीर्षाखाली शंभर रुपये वाढविले की चार ठिकाणी खाडाखोड करावी लागते, तशातला हा प्रकार. यात दिव्य दृष्टीचे काही नाही. अनेक माणसांनी अनेक महिने केलेली बेरीज-वजाबाकी आहे. १९७४ च्या परीक्षकांनी रुक्म व शकुन विमानांना लावलेली कसोटीही हीच होती.

एचटी-२ वर हवाई दलाच्या तरुणांच्या पिढ्या उडायला शिकल्या. आपल्या शेजारच्या बीदरच्या तळावरही ती विमाने होती. घाना देशाने ती आपल्याकडून विकत घेतली. त्यानंतर १९५८ साली ‘पुष्पक’ आले, ते देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेले. १९५९ साली ‘कृषक’ आले. १९६१ साली उडालेल्या लढाऊ जेटचे नाव ‘मरुत’ होते. त्याचे मुख्य अभिकल्पक कुर्ट टांक हे जर्मन गृहस्थ. मरुत्सखाचा गौरव करणाऱ्यांच्या तोंडी या मरुताचे नाव कधी आलेले आम्ही तरी ऐकले नाही. आणि १९६४ च्या सप्टेंबरात ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान उडाले. एचटी-२ मध्ये गुरू-शिष्य एकामागे एक बसत. किरणमध्ये शेजारी शेजारी, म्हणजे गुरूचा हात कोणत्या दांड्यावर आहे ते शिष्याला दिसावे. दुसऱ्या वर्षी, १९६५ साली, डॉ. घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

हैदराबादच्या आकाशाला तर किरण घरचेच. हकीमपेठ आणि दुंडिगल या दोन्ही तळांवर हवाई दलाची प्रशिक्षणार्थी मुले अनेक वर्षे त्यावर शिकत होती. सिकंदराबादपलीकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी तो कर्कश आवाज सकाळी किती वेळा ऐकला असेल आणि कानांवर हात ठेवले असतील! आवाज करणारे ते यंत्र एका हसूरकराच्या देखरेखीखाली कागदावर उतरले होते, हे कोणी सांगितले नाही.

बेगमपेठच्या विमानतळाविषयी एक जुने कुतूहल येथेच फेडून टाकतो. २००८ च्या मार्चमध्ये प्रवासी वाहतूक शमशाबादला गेली, तोवर पावसाळ्यात विमाने सिकंदराबादच्या बाजूने उतरताना दिसत आणि थंडीत पुष्कळदा उलट बाजूने. लोक तर्क लढवीत. कोणी त्यात निजामी काळचा काही नियमही शोधीत. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, एवढेच त्यातले गुपित. विमानाला उतरताना व उडताना वारा समोरून हवा असतो, कारण पंखाला जमिनीचा वेग कळत नाही, हवेचा कळतो. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पूर्वेकडून उतरायचे. हिवाळ्यात वारा फिरला की दिशा फिरली. पतंग उडविणाऱ्या पोराला हे न सांगता कळते.

डॉ. घाटगे १९९१ च्या डिसेंबरात वारले. पुढे १९९६ साली हवाई दलाने बीदर येथे ‘सूर्यकिरण’ हे कसरतींचे पथक उभे केले, आणि २०११ पर्यंत त्या पथकाने किरण विमानेच वापरली. नऊ विमाने एकमेकांना जवळजवळ खेटून उडत. पंखाच्या टोकामागे सुटणारे ते भोवरे तेथे पुस्तकातले राहात नसत. शेजारच्या विमानाने मागे सोडलेला भोवरा टाळून आपली जागा धरणे, हाच त्या वैमानिकांचा सराव होता. बीदरच्या किल्ल्यावरून तो सराव दिसे.